खुर्चीसकट तपासणी

वाहन चालवणाऱ्याने वाहनाच्या आसनावर बसलेले असावे, असा नियम आहे. नियम शहाणपणाचाच आहे. आसनावर न बसता वाहन चालवणारी माणसं सर्कशीत असतात आणि सर्कशीचं खातं वेगळं आहे. त्यामुळे मशीनताई आपली नवी तिचाकी मोटारसायकल घेऊन वाहन तपासणीच्या मैदानात आली, तेव्हा तपासनीस साहेबांनी विचारलेला पहिला प्रश्न कुणालाही रास्तच वाटला असता.

"चालकाचं आसन कुठंय?"

"हे काय, मी बसलेय तेच," मशीनताई म्हणाली.

"ही व्हीलचेअर आहे."

"हो."

"मी आसन विचारतोय."

मशीनताई शिलाई मशीन दुरुस्त करायची, म्हणून तिला सगळे मशीनताई म्हणत. रुसलेलं मशीन तिच्यापुढे आणलं की ती आधी त्याला नुसतं फिरवून ऐकायची, मग तेलाचा एक थेंब द्यायची, आणि बहुतेक मशीनं तेवढ्यावरच सुधारायची. हात असे गुणी. पाय मात्र लहानपणीच कायमच्या रजेवर गेले होते. गिऱ्हाइकांच्या घरी जायचं तर तिला दादाची, म्हणजे थोरल्या भावाची वाट पाहावी लागे. दादा तिला उचलून स्कूटरवर मागे बसवायचा, घडीची खुर्ची दोरीने बांधायचा आणि निघायचा. दादा भला माणूस. किती भला, ते सगळ्या गल्लीला पाठ होतं, कारण तो स्वतःच सांगत असे. बहिणीला उचलताना तो असा उसासा टाकी, की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडत. मागच्या वर्षी तर वसाहतीने मंचावर बोलावून त्याचा सत्कार केला. मंचाला पायऱ्या होत्या, म्हणून ताई खालीच थांबली आणि सगळ्यांबरोबर तिनेही टाळ्या वाजवल्या.

मग शिवणकारखान्याच्या मालकीणबाईंचा निरोप आला. कारखान्यातल्या सगळ्या मशीनांची देखभाल त्यांना ताईकडे द्यायची होती. "पण सकाळी काम सुरू व्हायच्या आत तू दारात पाहिजेस," बाई म्हणाल्या. "भाऊ मोकळा झाला की येते, भावाची कंबर दुखतेय, हे मला चालायचं नाही. सोमवारी येतेस तर ये. नाहीतर दुसरा माणूस हात धुऊन बसलाय."

म्हणून गॅरेजच्या मिस्त्रीने ही तिचाकी बनवली. मधलं सीट काढून तिथे खाली सपाट तळ केला. मागे एक फळी; ती पाडली की उतार तयार. खुर्ची उतारावरून सरळ आत जाई आणि खालची कडी खटकन बसे. पायाचा ब्रेक हँडलवर आणला, गिअरही हातात दिला. पायांना कामच ठेवलं नाही. पहिल्या दिवशी गॅरेजच्या अंगणात ताई जी फिरायला लागली, ती थांबेना. आई कोपऱ्यात जीव मुठीत धरून उभी.

"अगं, पुरे झालं, उतर आता!"

"मला वाटलं की उतरेन, आई."

त्या घरात हे वाक्य आजवर कुणी बोललं नव्हतं.

तर आता गाडं अडलं होतं आसनापाशी.

"ही खुर्ची वाहनाला कायमची जोडलेली आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. कडी सोडली की सुटते. नाहीतर उतरल्यावर मी बसू कशावर?"

"म्हणजे उतरताना तुम्ही चालकाचं आसन सोबत नेणार."

"नेणार."

"वाहनाचा मूळ भाग तुम्ही घरात फिरवणार."

"घरात, कामावर, मोरीतसुद्धा."

साहेबांनी दीर्घ श्वास घेतला. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला उत्तर ऐकलं की त्यातून पुढचा प्रश्न दिसे. "बरं. खुर्ची वाहनाचा भाग आहे असं धरू. वाहनाला चाकं किती?"

"तीन."

"खुर्चीला?"

"चार."

"एकूण सात." साहेब गंभीर झाले. "सात चाकांचं वाहन अवजड प्रकारात मोडतं. अवजड वाहनांना शहरात दिवसा बंदी आहे. शिवाय तुम्हाला क्लीनर ठेवावा लागेल."

"काय पुसायला?" ताईने विचारलं.

इथे सोबत आलेल्या दादाला राहवलं नाही. बहिणीच्या बाबतीत तो नेहमीच न बोलावता पुढे होई. "अहो साहेब, खुर्चीची चाकं रस्त्याला टेकतात तरी कुठं? ती आपली आतच असतात बसून!"

साहेबांचा चेहरा उजळला. "टेकत नाहीत? म्हणजे प्रवासात त्या चाकांचा उपयोग नाही. म्हणजे खुर्ची वाहनाचा भाग नाही. वाहनातून नेली जाणारी, पण वाहनाचा भाग नसलेली वस्तू म्हणजे माल." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "आणि मालावर बसून वाहन चालवणं हा गुन्हा आहे."

"दादा," ताई हळूच म्हणाली, "तू जरा चहा पिऊन येतोस का?"

प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं. मोठे साहेब वरच्या मजल्यावर बसत. दिव्यांग सुविधा कक्षही त्यांच्याकडेच होता, आणि तोही वरच्याच मजल्यावर होता. जिन्याची अडचण ध्यानात घेऊन त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि ताईची सुनावणी तिथूनच घेतली. खाली ताई मान वर करून, वर साहेब मान खाली घालून. मध्ये एक कबुतर दोघांचं ऐकत होतं.

"बाई, तुमच्यासारख्यांबद्दल आमच्या मनात फार कळवळा आहे!" मोठे साहेब ओरडले.

"साहेब, कळवळ्याचं राहू द्या, परवान्याचं बघा. सोमवारी कामावर जायचंय!"

"कशाला त्रास करून घेता? भाऊ आहे ना सोडायला?"

"आहे. पण कामावर मी आहे, तो नाही!"

मोठ्या साहेबांनी कबुतराला हाताने हुसकावलं. "असं करा," ते तपासनिसांना म्हणाले, "खुर्चीला तात्पुरतं आसन माना आणि चाचणी घ्या. मात्र वाहन नव्या धाटणीचं आहे. परवाना नसलेल्या व्यक्तीला त्यावर कसं बसवायचं? आपल्याच माणसाने चालवून पाहावं."

आपलाच माणूस म्हणजे तपासनीस साहेब. त्यांनी आसनावर बसायचं, आसन म्हणजे खुर्ची, आणि खुर्चीत ताई. म्हणून चहा पिऊन आलेल्या दादाने उसासा टाकून ताईला उचललं आणि झाडाखालच्या बाकावर ठेवलं. साहेब खुर्चीत बसले. फळी कशी ओढायची, कडी कशी लावायची, ब्रेक कसा हलक्या हाताने दाबायचा, सगळं ताईने बाकावरूनच समजावलं. साहेब मैदानाला एक फेरी मारून येतो म्हणाले. पण यंत्र गोड चालत होतं. साहेब फाटकातून बाहेर पडले आणि बाजाराच्या दिशेने दिसेनासे झाले.

ताई बाकावर बसून राहिली. पाय नव्हतेच, आता चाकंही गेली.

"मी आहे ना," दादा म्हणाला.

"तेच तर," ताई म्हणाली.

बऱ्याच वेळाने साहेब परतले. टोपी वाकडी, चेहरा लालबुंद. काय झालं ते त्यांनी खिडकीकडे पाहून, मोठ्या साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

बाजाराच्या चौकात ते थांबले, तर एका आजीबाईंनी त्यांच्या गालावरून हात फिरवला आणि "कसं झालं रे बाळा हे?" म्हणून डोळ्यांना पदर लावला. औषधाच्या दुकानापाशी त्यांनी रस्ता विचारला, तर दुकानदाराने त्यांना उत्तर न देता शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थाला विचारलं, "यांना कुठं जायचंय?" साहेब म्हणाले, मला ऐकू येतं. तेव्हा दुकानदार त्यांच्या कानाशी येऊन ओरडला, "शाब्बास!" पुढे दोन तरुणांनी न विचारता गाडी ढकलायला सुरुवात केली. गाडी तेव्हा चालू होती. "मी तपासणी अधिकारी आहे," असं साहेबांनी ठणकावून सांगितलं, तर लोक म्हणाले, "असू दे हो. उमेद सोडायची नाही."

एवढं सोसल्यावर माणसाच्या डोक्यात उजेड पडेल, अशी ताईला आशा वाटली. उजेड पडलाही, पण सरकारी. साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या अहवाल वाचून दाखवला: "वाहनाचे इंजिन, ब्रेक व वळण समाधानकारक. तथापि सदर वाहन चालवल्याने चालकास अपंगत्व येते, असे प्रत्यक्ष चाचणीत आढळून आले. सबब वाहन धोकादायक."

"अहो साहेब, तुम्ही तर धडधाकट उभे आहात!"

"ते उतरल्यावर. बसल्या बसल्या आलं होतं. भर बाजारात आलं, शंभर माणसं साक्षीला आहेत."

"मग ते गाडीमुळे आलं की माणसांमुळे?"

"माणसं तपासायचं काम आमच्याकडे नाही," साहेब म्हणाले. हे मात्र खरं होतं.

ताई मात्र चिडली नाही. बिघडलेल्या मशीनावर चिडून चालत नाही, ते नेमकं कुठे अडतंय ते बघावं लागतं. ती वर पाहून म्हणाली, "मोठे साहेब, हा धोका नव्याने येणाऱ्याला. मला आधीपासूनच आहे. माझं आणखी काय वाईट होणार?"

मोठ्या साहेबांनी खिडकीतच नियमांचं पुस्तक चाळलं. नियमात याला उत्तर नव्हतं. शेवटी मोठ्या साहेबांनी परवाना द्यायचं कबूल केलं. पण नुसतं हो म्हटलं तर कचेरीची शान ती काय राहिली? त्यांनी एक अट घातली आणि ती खिडकीतून खणखणीत वाचली: "चालक एकटा असू नये. त्याच्याकडे काळजीने पाहणारा एक धडधाकट इसम सदैव दृष्टिपथात असावा."

"मी आहे!" दादाने हात वर केला. त्याचा आवाज भरून आला होता. पुढच्या सत्काराचा मंच त्याला आत्ताच दिसत असावा.

सोमवारी सकाळी ताई निघाली. आईने फळी स्वतःच्या हाताने वर ओढून दिली आणि "सांभाळून" म्हणायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. मागून स्कूटरवर दादा, चेहऱ्यावर नेमून दिलेली काळजी. गल्लीच्या तोंडाशी वाण्याने हटकलं, "काय दादा, आजपण ड्युटी?" झालं. दादा एक पाय टेकवून सांगू लागला, की आता तर सरकारनेच जबाबदारी टाकलीय, काय करणार, रक्ताचं नातं पडलं. त्याचं रक्त अजून पहिल्या वाक्यातच होतं, तोवर ताई दोन वळणं पुढे गेली होती.

मोठ्या चौकात लाल दिव्यापाशी पोलिसाने तिला बाजूला घेतलं. परवाना वाचला, अट वाचली.

"सोबतीचा इसम कुठंय?"

ताईने मागे पाहिलं. दादाचा पत्ता नव्हता. कारखाना समोर, चौकाच्या पलीकडेच. गेट उघडलेलं, बायका आत जात होत्या आणि मालकीणबाई दारात उभ्या राहून रस्त्याकडे बघत होत्या. दिवा हिरवा झाला की आत, नाहीतर गाडी ठाण्यात आणि दुसरा माणूस, तो हात धुतलेला, मशीनपुढे.

मग ताईने आजूबाजूला पाहिलं, आणि तिला हसूच आलं.

"हवालदार, एकच हवाय ना? मोजून घ्या."

पोलिसाने मान वळवली. बसच्या सगळ्या खिडक्यांमध्ये चेहरे होते. डावीकडचा स्कूटरवाला हनुवटी पुढे काढून पाहत होता. उजवीकडच्या मोटारीची काच खाली आली होती आणि आतल्या बाई विचारत होत्या, "अगं बाई, एकट्याच? घरचं कुणी नाही का?" सगळे धडधाकट. सगळ्यांच्या तोंडावर काळजी. एकाचीही नजर हलत नव्हती. पोलिसाने अट पुन्हा एकदा वाचली, चौकावरून पुन्हा एकदा नजर फिरवली आणि परवाना परत दिला. अटीपेक्षा पुष्कळच जास्त भरत होतं.

काम सुरू व्हायच्या आत ताई कारखान्याच्या दारात पोचली. मालकीणबाईंनी नुसतं बोट दाखवलं, तिकडे एक मशीन रुसून बसलं होतं.

त्यालाही आता बरेच दिवस झाले. ताई रोज जाते आणि अट कधीही मोडत नाही, कारण त्या चौकात रोज सकाळी तुम्ही असता. होय, तुम्हीच. तुम्ही वळून बघता, "बिचारी" म्हणता, आणि जमलंच तर डोळ्यांत पाणीही आणता. तुम्हाला वाटतं हा तुमचा चांगुलपणा. सरकारदरबारी ती तुमची बिनपगारी नोकरी आहे. तेव्हा लाजून मान वळवण्याचा मोह आता होईल, पण कृपा करून वळवू नका. सगळेच एके दिवशी सुधारलात आणि चारचौघींकडे करता तसंच तिच्याकडेही दुर्लक्ष करू लागलात, तर बाईची गाडी जप्त होईल.