बंद फोन शोध समिती, जे. पी. नगर

हरवलेली वस्तू शोधायची असेल तर ती आधी आपल्या हातात असावी लागते, हे आधुनिक शास्त्राने आता निर्विवाद सिद्ध केले आहे. पूर्वी असे नव्हते. छत्री हरवली तर माणूस ज्या ज्या दारात जाऊन आला असेल तिथे पुन्हा जाऊन विचारीत असे, आणि छत्री मिळत असे किंवा मिळत नसे. या पद्धतीत पाय दुखत, चार माणसांशी बोलावे लागे आणि पासवर्ड कुठेच लागत नसे. इतकी ओबडधोबड पद्धत इतकी वर्षे चाललीच कशी, याचे आम्हा तांत्रिक क्षेत्रातल्या माणसांना नवल वाटते.

आम्ही म्हणजे मराठी स्नेहवर्धक मंडळ, जे. पी. नगर, बेंगळुरू. सभासद तीनशे सोळा. (पैकी सभेला येणारे अकरा, जेवण असल्यास तीनशे चाळीस.) मी भगवंतराव, मंडळाचा चिटणीस. माझी उभी हयात एका सरकारी कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. दुसऱ्याने केलेल्या कामावर 'तपासले' असा शिक्का मारणे हे माझे काम होते, आणि त्यात माझा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता असे माझ्या निरोपसमारंभात सांगितले गेले.

आमचे ज्येष्ठ सभासद दामोदरराव यांचा फोन रविवारी हरवला. दामोदररावांनी चौतीस वर्षे आकाशातले उपग्रह कुठे आहेत यावर नजर ठेवण्याची नोकरी केली. छत्तीस हजार किलोमीटर वरचा उपग्रह जरा इकडेतिकडे झाला की त्यांना अन्न गोड लागत नसे. अशा माणसाचा फोन हरवणे ही मंडळाच्या दृष्टीने शोभेची गोष्ट नव्हती, म्हणून आम्ही ताबडतोब कामाला लागलो.

कामाला लागण्याचे आणखी एक, किरकोळ, कारण होते. दामोदररावांची थोरली बहीण पद्मावतीताई राजाजीनगरात एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षांपूर्वी त्या लग्न होऊन इथल्या जुन्या मराठी घराण्यात आल्या, आणि पुढे दामोदरराव नोकरीला लागले तेव्हा चार वर्षे त्यांच्याकडेच जेवले. ताईंच्या उजव्या डोळ्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया त्या दोन वर्षे पुढे ढकलत होत्या. "दामू बरोबर आला तरच करीन," एवढेच त्यांचे म्हणणे होते. अखेर दामोदररावांनी शब्द दिला. गुरुवारी सकाळी नऊ वाजता इस्पितळात हजर व्हायचे होते.

ताईंचा पत्ता फोनमध्ये होता. घरात त्या जुना साधा टेलिफोन वापरतात, त्याचा नंबर फोनमध्ये होता. इस्पितळाचे नाव फोनमध्ये होते. ताईंचा मुलगा परदेशात असतो, तोही फोनमध्ये होता. दामोदरराव आठ वर्षे बहिणीकडे जात आले, पण दर वेळी गाडी बोलावून 'ताई' या नावावर बोट ठेवायचे आणि मान खाली घालून फोन बघत बसायचे. मान वर केली की ताईंचे दार. बसवनगुडीतल्या ताईंच्या जुन्या घराचा पत्ता त्यांना आजही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. तिथे आता फर्निचरचे दुकान आहे.

त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई यांच्याकडे चौकशी केली असता असे कळले, की त्या घरात नातेवाइकांची रीतसर वाटणी झालेली आहे. सासरची माणसे यजमानांच्या फोनमध्ये आणि माहेरची यांच्या. "ह्यांच्या बहिणीचा नंबर मी कशाला ठेवू? ह्यांच्याकडे होता की," त्या म्हणाल्या. मला हे पटले. माझ्या घरीही असेच आहे.

सोमवारी सकाळी साडेसात वाजता मी मंडळाच्या गटावर संदेश टाकला: 'दामोदररावांचा फोन हरवला आहे. सर्वांनी पुढील नंबरवर वारंवार फोन करून शोधकार्यास हातभार लावावा.' मंडळाच्या इतिहासात एवढा प्रतिसाद कशालाच मिळाला नव्हता. वर्गणीला तर नाहीच. पुण्याला परत गेलेल्या माजी सभासदांनी फोन केले, एकाने विमानतळावरून केला, एका सभासदाने आपल्या नातवाला दर पाच मिनिटांनी फोन लावण्याच्या कामावर बसवले. फोन अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत अव्याहत वाजत होता. त्यानंतर तो बंद आहे असे उत्तर येऊ लागले. बॅटरी संपली होती. वाजणारा फोन बंद पाडण्याचा हा पहिला टप्पा यशस्वी झाल्यावर बंद फोन शोधण्यासाठी समिती नेमणे क्रमप्राप्त झाले.

समितीत मी, दामोदरराव, माझे जुने सहकारी सुमंत, आणि तांत्रिक सल्लागार म्हणून अमृता अशी चौघे होतो. अमृता दामोदररावांच्या शेजारी राहते आणि मोठ्या संगणक कंपनीत आहे. तिने अर्ध्या तासात विषयाची संपूर्ण उकल केली.

"अंकल, फोन ऑफ असला तरी त्याचं लास्ट लोकेशन दिसतं. कॉन्टॅक्ट्सपण सगळे सेव्ह्ड असतात. फक्त लॉगिन करायचं."

"मग कर ना," दामोदरराव म्हणाले.

"केलं. आता तुमच्या फोनवर एक मेसेज आला असेल, त्यावर 'येस' दाबा."

"माझा फोन हरवलाय."

"हो अंकल, म्हणूनच तर लॉगिन करतोय ना आपण."

मी इतिवृत्तात 'तांत्रिक चर्चा समाधानकारक झाली' अशी नोंद केली. दुसरा मार्ग त्याच नंबरचे नवे सिमकार्ड घेण्याचा होता. ते रीतसर अर्ज करून बुधवारी दुपारी मिळाले. मात्र नव्या कार्डावर पहिले चोवीस तास संदेश येत नाहीत. कार्ड चोराच्या हाती लागले असल्यास मालकाचे नुकसान होऊ नये म्हणून ही काळजी घेतात. म्हणजे ताईंचा पत्ता गुरुवारी दुपारी मिळणार होता. (शस्त्रक्रियेची वेळ गुरुवार सकाळ असल्याकडे दामोदररावांनी लक्ष वेधले. त्यांच्या सूचनेचे स्वागत करण्यात आले.)

दरम्यान समितीने संभाव्य ठिकाणांचा तक्ता तयार केला होता. तो इथे जसाच्या तसा देतो.

एक, दामोदररावांचे घर. तीन वेळा शोधले. फोन नाही. दहा वर्षांपूर्वी हरवलेला चष्मा सापडला. आता त्या नंबरचा उपयोग नाही.

दोन, रिक्षा. रविवारी संध्याकाळी ताईंकडून परत निघताना त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूने ती रस्त्यावर थांबवून दिली होती. रंग हिरवा-पिवळा. (शहरात या वर्णनाच्या इतरही रिक्षा असल्याचे पाहणीत आढळले.)

तीन, चिकपेट. रिक्षा तिथल्या गर्दीत वीस मिनिटे अडकली होती. सुमंत पाहणीसाठी सपत्नीक जाऊन आले. फोन मिळाला नाही, दोन साड्या मिळाल्या.

चार, पद्मावतीताईंचे घर. शक्यता सर्वाधिक. परंतु घराचा पत्ता फोनमध्ये असल्याने फोन सापडल्यावर तिथे जाऊन फोन आहे का ते पाहावे.

चौथा शेरा माझा आहे. तो एकमताने मंजूर झाला, आणि दामोदररावांनीही हात वर केला होता हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. तक्रार नोंदवायला गेलो तेव्हा पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी मात्र, काही न वाचताच, "बहिणीच्या घरी विचारलं का?" असे हिंदीत विचारले. मी त्यांना तक्ता दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिले आणि आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या. त्यांना तांत्रिक पार्श्वभूमी नव्हती, पण माणूस सज्जन होता.

मंगळवारी प्रमोदिनीबाईंना आठवले, की वन्संच्या घराजवळ कोपऱ्यावर एक बेकरी आहे. समिती लगोलग राजाजीनगरात दाखल झाली. कोपऱ्यावर बेकरी असणे ही ओळखीची खूण म्हणून या शहरात फारशी कामाची नाही हे तिथे लक्षात आले. पहिल्या दीड किलोमीटरातच सात सापडल्या. काही न घेता नुसती चौकशी करणे बरे दिसेना, म्हणून प्रत्येक ठिकाणी खारा बन घेण्यात आला, आणि सातव्या बेकरीनंतर सुमंतांच्या पोटामुळे शोध थांबवावा लागला. "सरळ ताईचं नाव सांगून विचारू या की," असे दामोदरराव दुसऱ्या बेकरीपासून म्हणत होते. परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्ध महिलेची माहिती अनोळखी माणसांना देणे हा तिच्या खासगीपणाचा भंग ठरेल, असा आक्षेप सुमंतांनी घेतला. त्यामुळे आम्ही फक्त बेकऱ्यांविषयी विचारले.

बुधवारी संध्याकाळच्या बैठकीत मी 'फोनची काळजी: काही मार्गदर्शक सूचना' हा मसुदा वाचत असताना दामोदरराव मध्येच उठले.

"तिला उजव्या डोळ्याने काही दिसत नाही हो," ते म्हणाले. "ती तीन दिवस दाराकडे तोंड करून बसली असेल. नोकरीला लागलो तेव्हा चार वर्षं तिने मला जेवू घातलं, आणि मला तिचं घर माहीत नाही. अकरा-बारा किलोमीटरवर आहे ती, भगवंतराव. उपग्रह नाही."

सुमंत खिडकीबाहेर बघू लागले. मी लिहिले: 'सभासदाने वैयक्तिक स्वरूपाची माहिती दिली. नोंद घेण्यात आली.' मग मसुदा पुढे वाचला.

गुरुवारी सकाळी साडेसहाला दामोदररावांच्या घरी तातडीची बैठक बोलावली होती. विषय पहिला सुरू होण्याआधीच दारावरची बेल वाजली. दारात पद्मावतीताई उभ्या होत्या. नेसूचे नऊवारी, हातात कापडी पिशवी, मागे रिक्षावाला त्यांच्या कोपराला धरून उभा.

"अय्यो दामू, घरात आहेस ना? आणि ही माणसं कोण? काय झालं काय?"

"ताई! तू कशी आलीस? पत्ता कसा...?"

"पत्ता कसला? राजाजीनगरला मेट्रोत बसले, तुझ्या जे. पी. नगरला उतरले. बदलायचीसुद्धा नाही. मग ह्या अण्णांना सांगितलं, देवळामागची गल्ली, शेवग्याच्या झाडासमोर." (ते झाड तीन वर्षांपूर्वी तोडले. पण रिक्षावाल्यालाही ते झाडच पाठ होते, त्यामुळे अडचण आली नाही.)

मग त्यांनी पिशवीतून फोन काढला. त्यावर तांदळाची कणी चिकटलेली होती.

"सोमवारी सकाळभर ओरडत होता, रे. मला तो उचलता येईना. कसं बोट फिरवता तुम्ही! शेवटी तांदळाच्या डब्यात घातला, स्वल्प आवाज कमी झाला. तू फोन विसरलास हे सांगायला मी तुला फोन केला, तर तो डब्यात वाजला."

"मग इतके दिवस..."

"सोमवारी तू येशील म्हणून बसले. मंगळवारी बसले. काल म्हटलं, ह्याला घर सापडत नसणार. आठ वर्षं खाली मान घालून येतोस, ठाऊक आहे मला." त्यांनी डावा डोळा किलकिला करून आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिले. "सरी, असू दे, नऊला पोचायचंय. तू येतोस, की ही कमिटी येते?"

दामोदररावांनी चपला घातल्या. फोन टेबलावर तसाच राहिला. बहिणीचा हात धरून ते जिना उतरत होते तेव्हा ताई त्यांना पायऱ्या मोजून दाखवत होत्या. शस्त्रक्रिया उत्तम झाली. डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर ताईंनी भावाकडे नीट निरखून पाहिले आणि "म्हातारा झालास की रे," एवढेच म्हणाल्या.

फोन चार्ज केला तेव्हा त्यावर एक हजार एकशे अठ्ठेचाळीस कॉल न घेतलेले आढळले. पैकी एक ताईंचा होता. फोन सापडल्याबद्दल समितीच्या अभिनंदनाचा ठराव झाला, आणि अंतिम अहवालात मी 'समितीच्या अथक प्रयत्नांनी' हे शब्द घातले, कारण ते प्रत्येक अहवालात असतात.

पुन्हा असा प्रसंग ओढवू नये म्हणून मंडळाने एक छोटा अर्ज तयार केला आहे. तो फोन दुसऱ्या खोलीत ठेवून भरायचा असतो. रकाने दोनच. पहिल्यात आपल्या जवळच्या एका माणसाचा नंबर लिहायचा. दुसऱ्यात, आपला फोन बंद पडून तीन दिवस झाले तर कोणाला न विचारता आपल्या दारापर्यंत येईल अशा एका माणसाचे नाव लिहायचे.

आजवर दोनशे चौदा अर्ज आले. पहिल्या रकान्यात बहुतेकांनी स्वतःचाच नंबर लिहिला आहे, तोही खाडाखोड करून. दुसरा रकाना निम्म्यांनी कोरा सोडला आहे. उरलेल्यांनी, माझ्यासकट, 'पद्मावतीताई' असे लिहिले आहे. ताई आमच्यापैकी कोणाला ओळखत नाहीत, पण निदान समितीने त्यांना एकदा पाहिले तरी आहे.

आपण अर्ज भरणार असाल तर आपली आणि ताईंची ओळख नसल्यामुळे आपल्याला ही सवलत मिळणार नाही. कृपया खरे नाव लिहावे. वेळेचे बंधन नाही.