डॉक स्ट्रीटवरून ऑर्व्हिल बोलतोय

यंदा शेवटचा शब्द माझाच असणार, हे मी ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी दाढी करतानाच ठरवून टाकलं होतं. बावीस वर्षं त्या शब्दाची वाट पाहिली होती मी. आता मध्येच तोंड घालणारा माणूस उरला नव्हता, तेव्हा काम अगदी सोपं होतं. निदान दाढी होईपर्यंत तरी तसं वाटत होतं.

मी वेंडेल. पोर्ट हॅलेटच्या पाणीखात्यात छत्तीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले आणि आता निवृत्त होऊन फक्त स्टोकर्सची काळजी करतो. स्टोकर्स म्हणजे आमची फुटबॉल टीम, तो चेंडू हातानं फेकायचा अमेरिकन फुटबॉल. या टीमचं डोकं आणि उजवा हात एकाच माणसात असतो, त्याला क्वार्टरबॅक म्हणतात. मैदानावर एक खेळतो, दुसरा बाकावर बसून असतो. आणि आमच्या गावात सगळ्यात लाडका माणूस म्हणजे जो अजून खेळलेला नाही तो!

दर सोमवारी चार वाजता रेडिओवर स्किप नावाचा गृहस्थ गावकऱ्यांचे फोन घेतो. नाव सांगायचं, गल्ली सांगायची आणि कोचला अक्कल शिकवायची. मी फोन करून म्हणायचो, पहिल्यालाच ठेवा. माझ्या मागोमाग डॉक स्ट्रीटवर राहणाऱ्या ऑर्व्हिलचा फोन, दुसऱ्याला घ्या. बावीस वर्षांत अकरा क्वार्टरबॅक आले आणि गेले. ऑर्व्हिलनं एकाचंही नाव पाठ केलं नाही. त्याच्या लेखी एक ‘पहिला’ आणि एक ‘दुसरा’. फोनवर तो कोणाला मध्ये बोलू देत नसे, त्यामुळे स्किप नुसतं ‘हं’ म्हणत बसे.

ऑगस्टमध्ये, सरावाच्या सामन्याआधी, मैदानाबाहेर गाड्यांच्या तळावर सॉसेजच्या शेगड्या पेटलेल्या असताना आमचं जोरात वाजलं. चाळीसेक माणसांसमोर मी त्याला म्हणालो, “ऑर्व्हिल, तू गप्प बसशील ना, तेव्हा ही टीम जिंकेल.” तो हातातलं सॉसेज तसंच टाकून निघून गेला. गुरुवारची गोष्ट. रविवारी सकाळी त्याचं हृदय थांबलं.

तो गप्प बसला आणि टीम लागोपाठ चार सामने हरली. माझं ते वाक्य मात्र माझ्या मागेच लागलं. तो रागातच गेला की काय, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगणारा माणूस त्या दिवशी मी स्वतःच घालवला होता. शेवटचा शब्द वगैरे मी दाढी करताना म्हणालो खरा, पण रात्री तेच वाक्य उशाशी येऊन बसायचं.

तर त्या सोमवारी मी यंदाचा पहिला फोन लावला. म्हणालो, पहिल्याचा खांदा बरा होईल, घाई नको. स्किपनं आभार मानले. मी समाधानानं सूपचा चमचा उचलला. पुढचा फोन लागला आणि रेडिओतून आवाज आला, “डॉक स्ट्रीटवरून ऑर्व्हिल बोलतोय. आत्ता कोणीतरी म्हणालं खांदा बरा होईल. तो खांदा नाही, जुनी बिजागरी आहे. येत्या रविवारी निखळणार.”

चमचा सूपमध्ये पडला. तोच खरखरीत आवाज, तोच ‘बिजागरी’वरचा जोर. स्किप सवयीनं ‘हं, हं’ करत राहिला, शेवटी “थँक्यू, ऑर्व्हिल” म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. घाईघाईनं टायरची जाहिरात लागली.

रविवारी दुसऱ्याच डावात पहिल्याचा खांदा निखळला आणि आम्ही पाचवा सामनाही हरलो.

आता तुम्ही म्हणाल, खांदे निखळतातच. मीही तेच म्हणालो, पण म्हणताना माझे दात वाजत होते. त्याच संध्याकाळी, सामन्यानंतर, गाड्यांच्या तळावर लोकांनी ऑर्व्हिलसाठी एक खुर्ची मांडली, समोर मोहरी लावलेलं सॉसेज ठेवलं. गावाशेजारच्या सरोवरावरून धुकं आलं, खुर्ची दिसेनाशी झाली. धुकं हटलं तर बशी रिकामी. मी सीगल पक्ष्यांवर आळ घेतला. कोणी माझ्याशी वाद घातला नाही, आणि आमच्या गावात याहून भयंकर काही घडू शकत नाही.

पुढच्या सोमवारी मी म्हणालो, कोच नवा आहे, त्याला वेळ द्या. ऑर्व्हिल उत्तरला, “वेळ द्यायला तो काय पाव आहे फुगायला? दुसऱ्याला पहिल्या मिनिटापासून घ्या.” बुधवारी पत्रकारांनी कोच हॅलोरनला गाठून विचारलं, मयत प्रेक्षकाच्या सल्ल्याबद्दल आपलं काय मत? कोच पांढरा पडला. पहिल्याचा खांदा बांधून, सुई टोचून तयार केला होता, तरी त्यानं रविवारी दुसऱ्याला उतरवलं. दुसऱ्यानं चार वेळा चेंडू नेमका समोरच्या टीमच्या हातात दिला. अडतीस-तीन असे हरलो.

मला वाटलं, आता तरी ऑर्व्हिलची पत उतरेल. उलटंच झालं. न्हावी म्हणाला, तो सूड घेतोय. बेकरीवाली म्हणाली, वेंडेलनं चारचौघांत त्याला बोलून मारलं, म्हणून तो आता टीमला बुडवतोय. ऑगस्टमधलं माझं वाक्य गावभर झालं. पुढच्या रविवारी सामना नव्हता, तर चर्चमध्ये माझ्या बाकावर मी एकटा. पोस्टमन पत्र दारात न टाकता फाटकावरूनच भिरकावू लागला. शेवटी सगळ्यांनी मिळून सांगितलं, सोमवारी फोन कर आणि त्याची माफी माग.

मागायची तर होतीच. गावानं सांगितलं नसतं तरी मागितली असती. चार वाजता फोन लावला आणि माझ्या तोंडून पहिला-दुसरा काही निघेना. म्हणालो, “स्किप, मला ऑर्व्हिलशी बोलायचंय. ऑर्व्हिल, मी तुला तसं बोलायला नको होतं. तू रागावून गेलास का, तेवढं सांग.”

पुढचा फोन लागला. नुसती खरखर. कोणीतरी श्वास घेत होतं. काहीतरी खटकन वाजलं, पुन्हा खरखर, मग आणखी एकदा खटक. आणि मग ऑर्व्हिल गडगडला, “हवामानाचं कारण मला सांगू नका!”

मी रेडिओकडे बघत राहिलो. ऑर्व्हिल हट्टी होता, पण बहिरा नव्हता. त्या गडगडाटाच्या मागे कोणीतरी नाक ओढल्याचा आवाजही मला ऐकू आला.

डॉक स्ट्रीट माझ्या घरापासून पाच मिनिटांवर. ऑर्व्हिलची बायको मेव्हिस अंत्यविधीनंतर बहिणीकडे गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. पडदे ओढलेले, अंगणात पानांचा खच. मीटर वाचल्यामुळे गावातली सगळी मागची दारं मला पाठ आहेत. मागच्या दाराशी गेलो. आतून ऑर्व्हिल बोलत होता. “हवामानाचं... हवामानाचं... हवामानाचं कारण...” एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, मध्येच तुटत. पळून जावंसं वाटलं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या दारापलीकडे होतं, म्हणून डोळे मिटून दार ढकललं.

स्वयंपाकघरात मेव्हिस बसली होती. एका हातात फोन, दुसऱ्या हातानं जुन्या टेपरेकॉर्डरची बटणं दाबत होती आणि रडत होती.

“हा बंदच होत नाहीये, वेंडेल,” ती म्हणाली.

मी प्लग काढला. घर एकदम रिकामं झालं.

मग ती बोलू लागली. बहिणीकडे आठवडाभरच करमलं. परत आल्याचं कोणाला सांगितलं नाही, कारण लोक सांत्वनाला भांडी भरभरून जेवण आणून देतात आणि बसून राहतात. दिवस कसाबसा जायचा, पण सोमवारी चार वाजता घर खायला उठायचं. “रेडिओवर त्याचा आवाज आला ना, की तो हॉलमधल्या फोनवर आहे असं वाटतं. मला कोणाला घाबरवायचं नव्हतं. पहिल्यांदा स्किप थँक्यू म्हणाला, आणि मला फोन ठेवून द्यायचं धैर्य झालं नाही.”

ऑर्व्हिल दर सोमवारी सकाळी आपलं बोलणं टेपवर म्हणून बघायचा, हे मला आजच कळत होतं. टेबलावर कॅसेट रांगेनं मांडल्या होत्या, त्याच्या अक्षरात: ‘वेंडेल – खांदा’. ‘वेंडेल – कोचला वेळ द्या’. ‘वेंडेल – हवामान’.

“सकाळी?” मी विचारलं. “मी तर दुपारी बोलायचो. त्याला आधीच कसं कळायचं?”

“तू काय म्हणणार ते सगळ्या गावाला माहीत असतं, वेंडेल. बावीस वर्षांत त्याला सातच कॅसेट लागल्या.” तिनं डोळे पुसले. “तू बोलायला लागलास की मी तेवढी कॅसेट काढायची. आज तू माफी मागितलीस. त्याची कॅसेटच नव्हती. तू कधी मागितली नव्हतीस ना.”

मग तिनं ड्रॉवरमधून आठवी कॅसेट काढली. त्यावर लिहिलं होतं, ‘वेंडेल – गप्प’. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यानं ती भरली होती आणि एकटीनं ऐकायची तिची छाती होत नव्हती. मी प्लग परत लावला.

“डॉक स्ट्रीटवरून ऑर्व्हिल बोलतोय,” तो म्हणाला. आवाजात हसू दाबलेलं होतं. “माझा मित्र म्हणतो, मी गप्प बसलो तर टीम जिंकेल. ठीक आहे. हा माझा या वर्षातला शेवटचा फोन. मी गप्प बसतो. टीम जिंकली तर वेंडेल, तू खरा. हरली, तर चारचौघांत मान्य करायचं की दुसऱ्याला घ्यायला हवं होतं. आणि माझं सॉसेज तिथेच राहिलं, ते तू खाल्लं असणार.”

खाल्लं होतं. मेव्हिस हसायला लागली आणि मी रडायला लागलो, मग आम्ही अदलाबदल केली.

टीम सहा सामने हरली होती. दुसऱ्याला घेऊनसुद्धा हरली होती, पण पैज म्हणजे पैज. पुढच्या सोमवारी मेव्हिसनं शेवटचा फोन करून गावाला खरं काय ते सांगायचं ठरवलं. मी म्हटलं, आधी माझं होऊ दे. चार वाजता घसा खाकरून फोन लावला, नाव सांगितलं, गल्ली सांगितली आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, “दुसऱ्यालाच ठेवा. ऑर्व्हिल बरोबर होता.”



“हे बघा,” स्किप म्हणाला, “तुम्ही जे कोणी असाल ते, आवाज उत्तम काढलात. पण वेंडेल मेला तरी असं म्हणणार नाही.”

आणि त्यानं माझा फोन कापला.