गाडी लागती का?

आमच्या शेजारचा किसन कुणाला राम राम करीत नाही. समोरच्याच्या तोंडाकडं बघतो आणि विचारतो, "कुठवर आली?"

पोस्टमन असो, पाव्हणा असो, मयताला आलेला माणूस असो. सिरसाळ्याच्या आसपास "कोण?" असं उलटं कुणी विचारत नाही. रेल्वे. बीडहून परळीकडं येणारी.

मी तिसरीत शाळा सोडली, पण बोललेला शब्द कधी सोडला नाही. आम्ही पोरं होतो तवापासून रेल्वे येणार म्हणत्यात. मी भर पारावर सांगितलंय, आपल्या डोळ्यांदेखत येत नाही. त्यावरून आमचं रोज वाजतं.

किसन सकाळीच काठी घेऊन रेल्वेच्या भरावावर जातो. मुरूम मनासारखा नसला की रोलरवाल्याला खाली उतरवतो. पुलाच्या खांबाला काठीनं ठोकून बघतो, बाजारात मडकं बघावं तसं. तिथली माणसं त्याला गमतीनं साहेब म्हणतात. त्याला ते खरं वाटतं. दुपारी येऊन मला सांगतो, "आज दोन हात सरकली, बे."

"सरकू दे. तू तर कवाच सरकलायस."

परवा भरावावर नवा इंजिनियर आला, पुण्याकडचा. किसननं त्याला विचारलं, "साहेब, ही गाडी लागती का?"

साहेब हसला. "लागणार ना बाबा! रोज लागणार, अगदी वेळेवर लागणार."

किसन काठी तिथंच विसरून घरी आला आणि आठ दिवस भरावाकडं फिरकला नाही. मला भांडायला माणूस उरलं नाही. आपण होऊन कुणाच्या दारात जायची मला सवय नाही. पण रोलरवाल्यानं काठी माझ्याकडं आणून दिली, म्हणून गेलो.

"कावून रे, रेल्वे रुसली का?"

"लागती म्हणं," किसन म्हणाला.

"मग? टेशनात गाडी लागणारच की."

"तसं न्हाई बे. गोदाक्काला लागंल का, ते इचारलतं मी."

गोदाक्का त्याची थोरली बहीण, बीडच्या पल्याड दिलेली. एसटीत बसली की तिला उलट्या, जीपमध्ये त्याहून जास्ती. शेवटची पंचमीला आली ती स्टँडवरच आडवी झाली. जाताना म्हणाली, "किसना, आता रेल्वेनंच येईन. तिच्यात लागत न्हाई म्हणत्यात." त्याला लई पंचम्या झाल्या. आता ती भिंत धरून चालते.

मी समजावलं, साहेब फलाटाला लागायचं बोलत होता. किसन ऐकेना.

"तू बसलायस रेल्वेत. तूच सांग. तुला लागलती का?"

गल्लीत रेल्वेत बसलेला मी एकटाच. परळीहून हैदराबादला गेलतो. खिडकीला तोंड लावून निम्मा रस्ता ओकत गेलो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

"न्हाई," म्हणलं. "झोप लागलती."

त्यानं तिथंच फोन लावला. अक्काला कमी ऐकू येतं, म्हणून सगळ्या गल्लीनं ऐकलं. "अक्के, लागत न्हाई! झोप लागती म्हणं, झोप!"

रेल्वे आपल्या डोळ्यांदेखत येत नाही, हे मी अजूनही म्हणतो. पण माझ्या दारात एक लिंबोणी आहे. लिंबू हुंगत बसलं की एसटीत जरा बरं वाटतं. रेल्वेतही वाटत असेल. ती लिंबोणी वाळायला लागलती. आता मी तिला रोज पाणी घालतो.

किसन बघतो. "कावून एवढं पाणी घालतूस?"

मी म्हणतो, "ते सोड. कुठवर आली?"