घड्याळजींच्या भाषणाची शुद्ध प्रत

डीव्हीडी आत घातल्यावर संगणकाने आधी खाकरल्यासारखा आवाज केला, मग बराच वेळ विचार केला आणि अखेर पोटातले सगळे पडद्यावर मांडले. मुद्रितशोधक चष्मा सावरून पुढे वाकले. 'मुलीचे लग्न' अशा नावाचे काहीतरी दिसेल अशी त्यांची अपेक्षा होती. दिसल्या त्या एकाच साच्यातल्या नावांच्या, एकाच वजनाच्या फायली. जाडजूड ग्रंथाची पाने कोणी तराजूत घालून सारखी वाटावीत आणि धडा कुठे संपतो याची फिकीर करू नये, तसला प्रकार होता तो.

काम बायकोने सोपवले होते. तिचा थोरला भाऊ गेल्या वर्षी वारला. घड्याळदुरुस्तीच्या दुकानात त्याचा सगळा जन्म गेला, म्हणून सारे नातेवाईक त्याला घड्याळजीच म्हणत. दुरुस्त केलेले घड्याळ नेमकी वेळ दाखवी, पण ते मिळणार केव्हा, हे मात्र घड्याळजी कोणाला कधी नेमके सांगू शकले नव्हते. बोलणेही तसेच, सावकाश. त्यांचा आवाज आता कुठे शिल्लक असेल तर या एका तबकडीवर. भाचीच्या, म्हणजे मुद्रितशोधकांच्याच मुलीच्या, लग्नाच्या स्वागतसमारंभात ते आयुष्यात एकदाच माइकसमोर उभे राहिले होते. त्यांच्या मागे राहिलेल्या वहिनींना तो आवाज पुन्हा ऐकायचा होता, आणि त्यांचे डीव्हीडीचे यंत्र तर केव्हाच भंगारात गेले होते.

"दादाचं बोलणं तेवढं वेगळं काढा," बायको म्हणाली. "वहिनीच्या फोनवर टाकता येईल असं. रविवारी येणारे ती. आणि तबकडी जपून हाताळा हो, एवढी एकच आहे."

जपून म्हणजे काय, हे मुद्रितशोधकांना सांगण्याची गरज नव्हती. छापखान्यात त्यांची हयात दुसऱ्यांची वाक्ये जपण्यात गेली होती. त्यांनी सगळ्या फायली संगणकावर उतरवून घेतल्या. ते सुरळीत पार पडले, आणि खरे तर तिथेच थांबायला हवे होते. पण तबकडी बाहेर काढल्यावर तिच्यावर बारीक ओरखडे दिसले. दातांच्या पेस्टने असे ओरखडे जातात, हे त्यांनी कुठेतरी वाचले होते, आणि छापून आलेल्या गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. त्यांनी मऊ फडक्याने अर्धा तास तबकडी घासली. ती आरशासारखी चमकू लागली. पुन्हा आत घातली तेव्हा संगणकाने तिला ओळखच दाखवली नाही.

त्यांनी परगावी असलेल्या मुलीला फोन केला.

"बाबा, कॉपी झाली होती ना?"

"झाली होती."

"मग घासली कशाला?"

"परत ठेवताना स्वच्छ असावी म्हणून."

मुलीने सांगितले की आता संगणकावरची प्रत हीच मूळ प्रत, आणि ही बातमी आईला कळवायची घाई नाही. व्हिडिओचे तुकडे कसे करायचे, नको तो भाग कसा काढायचा, हेही तिने फोनवर धीराने शिकवले. मुद्रितशोधकांनी ते पाठ केले.

घड्याळजींचे भाषण तिसऱ्या फायलीच्या शेवटाला सुरू होत होते. "संसार म्हणजे," ते म्हणाले, आणि फाइल संपली. मुद्रितशोधकांनी उत्सुकतेने चौथी उघडली. तिथेही घड्याळजी अजून विचारच करत होते.

इथे त्यांच्या हाताला खाज सुटली. तो हाताचा दोष नव्हता. तो धंद्याचा गुण होता. 'म्हणजे' हा शब्द एकामागून एक तीनदा आला की त्यांना तिथे लाल शाईची रेघ दिसे. घड्याळजी तर दर वाक्याला अडखळत होते. खोकत होते, माइकला टिचक्या मारत होते, पाणी पीत होते, बाजूला बघत राहत होते. वहिनींना आपल्या माणसाचे असे चाचपडणे का दाखवायचे? मुद्रितशोधकांनी ठरवले की भाषण स्वच्छ करून द्यायचे. आयुष्यभर त्यांनी परक्यांना वाक्ये नीट करून दिली होती. मेहुण्यासाठी एवढे नको?

पुढचे दोन-तीन दिवस सकाळचा चहा झाला की ते कामाला बसत. प्रत्येक तुकड्याला संगणक आपणहून क्रमांक देई. चांगल्या तुकड्यांना मुद्रितशोधकांनी नावे दिली: 'प्रस्तावना', 'मुख्य विचार', 'उपसंहार'. उरलेले खोकले आणि 'म्हणजे' कचरापेटीत गेले. पक्की प्रत तयार करताना संगणकाने जागा नसल्याची कुरकूर केली, तेव्हा त्यांनी मूळच्या मोठ्या फायली काढून टाकल्या. त्या कचरापेटीत मावणार नाहीत, कायमच्या पुसू का, असे त्याने विचारले. एवढ्या अदबीने विचारल्यावर नाही कसे म्हणायचे?

रविवारी सकाळी त्यांनी बायकोला पडद्यासमोर बसवले. घड्याळजी उभे राहिले आणि धबधब्यासारखे बोलू लागले. संसार म्हणजे चावीचे घड्याळ आहे, रोज हात लागला तरच चालते, असे म्हणाले, नवदांपत्याला आशीर्वाद दिला आणि चहा निवायच्या आत बसलेही.

बायको पडद्याकडे बघत राहिली. "कोण हा?"

"कोण म्हणजे? दादा तुझे."

"दादा एवढं भराभर कधी बोललाय जन्मात? त्याला कोणी मागून हाकलत होतं का?"

"फक्त दोष काढलेत मी."

"आणि वहिनी कुठे गेली?"

"वहिनी चित्रात नव्हत्याच."

"आवाज होता ना तिचा. समोर बसून सांगत होती ती त्याला मधूनमधून."

मुद्रितशोधकांना आठवले. श्रोत्यांतून येणारा एक बायकी आवाज त्यांनी व्यत्यय म्हणून फार काळजीपूर्वक, सगळीकडून, छाटला होता. त्यांनी खाली मान घालून मूळ फायलींची गोष्ट सांगितली. मग ओघाओघात पेस्टचीही सांगावी लागली.

बायको चिडली असती तर बरे झाले असते. ती हळूच म्हणाली, "तिला काय दाखवायचं आता? हे बघून तिला वाटेल, आपला माणूस असा नव्हताच."

पुन्हा मुलीला फोन. कचरापेटी रिकामी केली का, एवढेच तिने विचारले. मुद्रितशोधकांनी केली नव्हती. पुस्तक बांधून येईपर्यंत रद्दी टाकायची नाही, ही छापखान्याची शिस्त. मग सगळे तुकडे परत आणा आणि क्रमाने जोडा, मुलगी म्हणाली. तुकडे परत आले. जोडणाऱ्या प्रोग्रामला क्रमांकांवरून तुकडे घ्यायला सांगितले, तसे त्याने भराभर गोळा केले. नावे दिलेल्या तुकड्यांना क्रमांक उरले नव्हते, ते बाहेरच राहिले, हे घाईत मुद्रितशोधकांच्या ध्यानात आले नाही. जोडणी मुंगीच्या पावलांनी सरकू लागली आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

वहिनी आल्या. त्यांनी चहा नको म्हटले, मग घेतला. डोळे सारखे संगणकाकडे. जोडणी संपली तेव्हा आधी एकदा तपासून बघू, असे मुद्रितशोधक पुटपुटले. पण वहिनींनी खुर्ची ओढून घेतलीही होती.

घड्याळजी उभे राहिले. त्यांनी माइकला टिचकी मारली. खोकले. "म्हणजे," ते म्हणाले आणि बाजूला बघितले. "अगं, कुठल्या साली गं ते?"

"दुकान घेतलं त्या साली," चित्राबाहेरून वहिनींचा आवाज आला. "तुमचं सगळं लक्ष दुकानात. कसं आठवणार?"

लोक हसले. घड्याळजीही हसले आणि पुन्हा खोकले.

"पाणी घ्या आधी."

ते पाणी प्यायले. "काय सांगत होतो मी?"

"संसाराचं."

"हां. संसाराचं." मग नुसते उभे राहणे, खिसा चाचपणे. "फार लांबतंय का गं?"

"लांबू दे. जेवायला वेळ आहे अजून."

भाषणाचा एक शब्द पुढे येत नव्हता. उरली होती ती निव्वळ रद्दी, आणि तीही धड नव्हती: पाण्याचा तुकडा दोनदा जोडला गेला होता. घड्याळजींनी पुन्हा तोच पेला उचलला. मुद्रितशोधक बंद करायला उठले, तशी बायकोने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"माझं झालं का गं सांगून?" पडद्यावरून घड्याळजींनी विचारले.

"झालं. बसा आता."

ते बसले. वहिनींनी पदराने चष्मा पुसला, तो डोळ्यांवर न लावता हातातच धरला.

"माझ्याशीच बोलत होते की हो सगळा वेळ," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, त्यांनी भाषण केलं."

मुद्रितशोधकांनी घसा साफ केला. "वहिनी, यात मुख्य भाषण गळलंय. माझ्या हातून झालं ते. मी व्यवस्थित जोडून देतो."

"राहू द्या भाऊजी. भाषण लोकांसाठी होतं. लोकांनी ऐकलं." त्यांनी फोन पुढे केला. "यात हे घाला. आणि कृपा करून आता सुधारू नका."

मुद्रितशोधकांनी ते तसेच्या तसे फोनवर घातले. एक उतारा दोनदा छापला गेल्याचे ठाऊक असताना प्रत हातावेगळी करणे त्यांना अवघड गेले. पण वहिनी तोवर चपला घालून उभ्या होत्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. वाटेत दोन वेळा बघून झाले होते.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. ते पाणी दोनदा प्यायले का हो? मला एकदाच आठवतंय."

मुद्रितशोधकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. दुसऱ्याच्या मजकुरात एका अक्षराचीही पदरची भर त्यांनी कधी घातली नव्हती. समोर बायको भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

"दोनदा, वहिनी," ते म्हणाले. "उकडत फार होतं त्या दिवशी."

"मग मी दोनदा सांगितलं असणार त्यांना."

"सांगितलंत ना," मुद्रितशोधक म्हणाले. "दोन्ही वेळा ऐकलं त्यांनी."