कानाची उंची

वरठांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या कानाला टेप लावली.

नोकरीचा पहिला दिवस होता. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या ऑफिसच्या दारात मी नवा शर्ट घालून उभा होतो, आणि पन्नाशीचा एक काटक, सावळा माणूस सुतारी टेप घेऊन पुढे आला: हेच वरठा, आमच्याकडचे जुने नकाशेवाले. टेपचं टोक त्यांनी माझ्या बुटापाशी पायाने दाबून धरलं, पट्टी कानाच्या पाळीपर्यंत ओढली आणि आकडा वहीत उतरवला. "एकशे त्रेपन्न. उभा. तुमी घाटावरचे काय?" मी साताऱ्याकडचा असल्याचं कबूल केलं. घाटावरच्यांचे कान वेगळ्या उंचीवर असतात की काय, हे मला अजून कळलेलं नाही.

आमचं काम अँटेनाचं. कुठल्या टेकडीवर टॉवर उभारला तर रेंज कुठवर जाईल, हे आधी कॉम्प्युटरवर काढून द्यायचं. नकाशावर टॉवर ठेवायचा, अँटेनाची उंची आणि ताकद भरायची, बटण दाबायचं. मग फरशीवर सांडलेलं दूध उंचवटे टाळत पसरावं तसे रंग टॉवरभोवती पसरतात. आधी हिरवा, मग पिवळा, मग तांबडा. रेंज संपते तिथे एक वाकडीतिकडी रेषा येते, तिला आम्ही कंटूर म्हणतो. रेषेच्या आत फोन लागतो, बाहेर लागत नाही. गिऱ्हाईकाचा सगळा जीव त्या एका रेषेत असतो.

या सगळ्यात एक बारकी चौकट असते: फोन जमिनीपासून किती उंचीवर आहे? सॉफ्टवेअर तिथे आपणहून दीड मीटर भरतं. म्हणजे उभ्या माणसाचा कान. सगळं जग त्यावर समाधानी आहे, वरठा मात्र नव्हते. कान खाली गेला की रेंज कमी होते, हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं, त्यामुळे त्यांना वेडं म्हणून मोकळंही होता येत नसे. कुणी नकाशा दाखवला की ते रंगांकडे बघायचेच नाहीत. आधी विचारायचे, "कान कुठं हाय?"

त्यांच्या वहीत शेकडो कान होते. मशीनपुढे स्टुलावर बसलेला कामगार, उकिडवा बसून बिडी ओढणारा, वाकून भात लावणारी बाई. आमच्या मालकांच्या दोन नोंदी होत्या, एक खुर्चीत बसलेले आणि एक खुर्चीत झोपलेले. मालकांनी ती वही कधी पाहिली नाही, आणि आम्ही ती त्यांच्या हाती लागूही दिली नाही.

एकदा मच्छीमार बोटींच्या वायरलेसचं काम घेऊन आम्ही नवापूरला गेलो. किनाऱ्यावर पाटावर बसून मासळी विकणाऱ्या एका काकींच्या कानाशी वरठा टेप घेऊन वाकले. काकींनी टोपलीतून नजर वर केली.

"मावरं टेपनी नाय मापत, बाबा. आनि माजा कान कशाला पायजे तुला?"

वरठांनी गंभीरपणे सगळं समजावून सांगितलं. काकींनी तितक्याच गंभीरपणे ऐकलं आणि कानाच्या बदल्यात त्यांच्या गळ्यात बोंबलांचे दोन वाटे मारले. "अठ्ठ्याहत्तर. बसलेली," एवढं लिहून वरठा खुशीत परतले. ऑफिसच्या बंद खोलीत बोंबील संध्याकाळपर्यंत आमच्याबरोबर होते.

मी त्यांची चेष्टा करायचो. बोईसरजवळ सरावलीतल्या माझ्या खोलीवर मित्र जमले की वरठांची नक्कल हा ठरलेला कार्यक्रम असे. हे आता लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं आहे.

गेल्या वर्षी आमच्याकडे डोंगराकडच्या पाड्यांचं काम आलं. तिथे कुणी आजारी पडलं तर गाडी बोलवायला फोन लागत नाही, म्हणून एकच टॉवर उभारायचा होता. जागा दोन होत्या: शाळेमागची टेकडी किंवा वरचा माळ. आम्ही दोन्ही नकाशे काढून त्यातला एक शिफारशीसह कोळगावला, जिल्ह्याच्या कचेरीत द्यायचा, आणि साहेब लोक आमची शिफारस बघून जागा ठरवणार होते. यातला आंबेपाडा हा वरठांचा पाडा.

जागा बघायला आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून गेलो. दुपारी ते मला घरी घेऊन गेले. कुडाचं घर, शेणाने सारवलेली जमीन, आणि मधोमध बुटक्या खाटेवर त्यांचे वडील पडून होते. हा माणूस जन्मभर ताडावर चढून ताडी उतरवायचा. सहा वर्षांपूर्वी तो वरून पडला आणि कंबरेखालचं अंग गेलं. आई आधीच गेलेली, वरठांनी लग्न केलेलं नाही. शेजारचे चुलतभाऊ दोन वेळचं जेवण आणून देत. बापाला बोईसरच्या खोलीवर एकदा आणलं होतं, पण डोंगर दिसत नाही म्हणून त्याने चार दिवसांत जेवण सोडलं. तेव्हापासून वरठा दर रविवारी इकडे येत.

म्हाताऱ्याच्या उशाशी एक साधा फोन होता, चार्ज केलेला.

"इथं लागतो?" मी विचारलं.

"उभं ऱ्हायलं तर कदी कदी लागतो," वरठा म्हणाले. "आडव्याला नाय लागत. मागच्या पावसात यांना धाप लागली. सकाळपासून फोन हातात धरून होते. घरचे समदे शेतावर. संध्याकाळी भाऊ आला तवा कळलं."

म्हातारा हसला. "बटन दाबून दाबून बोट दुखलं."

वहीच्या पहिल्या पानावर नुसता 'पंचेचाळीस' असा एक बिननावाचा आकडा होता. तो कुत्र्याचा असावा अशी माझी समजूत होती, आणि ती मी मित्रांना रंगवून सांगितलीही होती. मी खाटेकडे पाहिलं आणि घोटभर पाणी प्यालो.

परत आल्यावर दोन्ही नकाशे निघाले. उभ्या माणसाच्या हिशेबाने दोन्ही जागा सारख्या होत्या, अकरा-अकरा पाडे रेषेच्या आत. वरठांनी पंचेचाळीस सेंटिमीटर भरले. सॉफ्टवेअरने 'ही किंमत मर्यादेबाहेर आहे' अशी सूचना दिली, ती त्यांनी नेहमीप्रमाणे बाजूला सारली. रेषा आत आली. शाळेमागच्या टेकडीवरून नऊ पाडे उरले, वरच्या माळावरून सहा. त्या सहांत आंबेपाडा होता. नवांत नव्हता.

वरठांनी दोन्ही आकडे वहीत उतरवले. नंतर चहाला बाहेर गेले. शेवटचा नकाशा छापायचं काम माझं होतं, म्हणून मी एक उद्योग केला. चौकटीत परत दीड मीटर भरला, वरच्या माळाचा नकाशा छापला आणि खाली शिफारस लिहिली. यात खोटं काही नव्हतं. सगळे असंच करतात. वरठांचा बाप रेषेच्या आत आला होता, आणि मला वाटत होतं की वर्षभराच्या चेष्टेची मी भरपाई केली.

ते आल्यावर मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. "वरचा माळच घेऊ, वरठा. दोन्हीकडे अकराच आहेत. कुणी विचारणार नाही."

त्यांनी कागद पाहिला. रागावले नाहीत. तो नीट घडी घालून खिशात ठेवला.

"तुमी चांगल्या मनानं केलंत," ते म्हणाले. "पन आमच्या घरी निदान मी जातो. त्या बाकीच्या पाड्यांत पन कोन तरी असंच पडलेलं असंल. त्याच्याकडं कोन जातं, मला ठावं नाय."

मग त्यांनी शाळेमागच्या टेकडीचा नकाशा छापला. पंचेचाळीस सेंटिमीटरवरचा, नऊ पाड्यांचा. आंबेपाडा रेषेच्या बाहेर, बोटभर अंतरावर होता. खाली सही करण्याआधी माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बोटभरच ऱ्हायलं हो." एवढं बोलून त्यांनी सही केली. त्या वेळी मला त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. ठेवला नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कोळगावला ती शिफारस मंजूर झाली. टॉवरचं काम सुरू झालं, त्याच महिन्यात वरठांनी बोईसरची खोली सोडली. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि दोन भांडी. मोटारसायकलवर ते सामान मीच बांधून दिलं.

आता ते रोज आंबेपाड्याहून येतात-जातात, रात्री बापापाशी असतात. घाटाचा रस्ता, वर धूळ. पहिल्याच आठवड्यात मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं.

"वरठा, एवढ्या लांबून रोज? तुम्हाला उशीर होणार."

"सकाळचा होईल, साहेब," वरठा म्हणाले. "संध्याकाळचा मी होऊ देनार नाय."