हात बसेपर्यंत

बापू निजसुऱ्यांच्या पापाकुरा उपनगरातल्या घरी सोफ्यावर बसायची सोय नव्हती. सोफ्यावर ढोल बसलेले असत. ऑकलंडच्या दमट हिवाळ्यात ढोलाचं पान, म्हणजे त्याचं कातडं, सैल पडतं. म्हणून बापू हीटर ढोलांकडे वळवून ठेवायचे आणि स्वतः दोन स्वेटर चढवून सतरंजीवर बसायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक ढोल जरा सरकवून टेकायला पाहिलं, तर म्हणाले, "अहो, त्यांना कशाला उठवता? तुम्ही घरच्याच."

बापू मूळचे पुण्याचे, पेशाने इंजिनिअर. कारखान्यातल्या यंत्रांची थरथर तपासायची, ही त्यांची नोकरी. त्यामुळे जगात जे जे थडथडतं त्यावर आपला अधिकार आहे अशी त्यांची समजूत होती. आमच्याकडे चहाला आले की आधी वॉशिंग मशीनला कान लावायचे. एकदा म्हणाले, "तिसरा हात वाजवतंय, पण लय पळतेय." ढोलवाल्यांच्या भाषेत हात म्हणजे एकेक ठेका; पाच हात आले की माणूस मिरवणुकीत उभं राहायच्या लायकीचा. त्याच आठवड्यात मशीन बंद पडलं. तेव्हापासून माझा नवरा बापूंना वचकून असायचा.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आयटीवाले, डॉक्टर, माझ्यासारखे फार्मसिस्ट, अशी मराठी माणसं तिकडे जमू लागली होती आणि गणपतीची मिरवणूक सीडी लावून काढत होती. बापूंना ते सहन होईना. त्यांनी पुण्याहून ढोल मागवले. पण न्यूझीलंडमध्ये साधं सफरचंद आणलं तरी चौकशी होते, आणि बापूंनी तर चामड्याचे ढोल आणलेले. ढोल क्वारंटाइनमध्ये गेले. एखाद्याचं माणूस दवाखान्यात असावं तसे बापू रोज फोन करून विचारायचे, "कसे आहेत?" शेवटी तिथली बाईसुद्धा म्हणू लागली म्हणे, "दे आर डुइंग वेल, मिस्टर निजसुरे."

ढोल सुटले आणि शिबिर सुरू झालं. बॅरी नावाच्या एका शेतकऱ्याने त्याची लोकर कातरायची रिकामी शेड दिली होती. दर शनिवारी सकाळी जायचं, रात्री तिथेच झोपायचं आणि रविवारी दुपारी परत. नियम एकच. ज्या दिवशी पाचही हात एकाही चुकीशिवाय वाजतील, त्या दिवशी शिबिर बंद. मग मिरवणुकीच्या दिवशीच भेटायचं.

पहिल्या शनिवारी त्यांनी ढोलाला हातच लावू दिला नाही. "आधी तोंड, मग पाय, मग हात," असा त्यांचा क्रम. आम्ही बोल म्हणत शेडभर गोल गोल चाललो, मग उशा मांडीवर घेऊन बडवल्या. डॉक्टर गौरी, मोठ्या हॉस्पिटलात भूल देणारी, माझ्या कानात म्हणाली, "माझ्या पेशंटला हे सांगू नकोस हं, प्लीज." माझी लेक रिया तेव्हा पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. "आई, ही इज हीप्स स्ट्रिक्ट," तिने निकाल दिला, म्हणजे भयंकर कडक. पण पुढच्या शनिवारी माझ्याआधी गाडीत जाऊन बसली.

आम्ही वाजवायला लागलो की बॅरीच्या गायी कुंपणापाशी येऊन उभ्या राहायच्या. बापूंनी त्यांना परीक्षक नेमलं. एखादी चरायला वळली की शिट्टी. "थांबा, तिला आवडलेलं नाही." एकदा बॅरीने गायींना पलीकडच्या कुरणात नेलं, तर त्याला जाऊन म्हणाले, "बॅरी, माय ऑडियन्स?" बॅरीने गायी परत आणल्या. म्हणाला, "स्वीट अ‍ॅज, बापू," म्हणजे तिकडच्या बोलीत, काही हरकत नाही.

खरं सांगते, इतकी सुखाची शिबिरं मी पुन्हा केली नाहीत. कमरेला दोरीचे वळ, हाताला फोड, गारठ्यात वाफाळतं पिठलं आणि डोक्यावर बापू. रविवारी निघताना मात्र त्यांचा पाय निघायचा नाही. दोऱ्या पुन्हा ताणा, फरशी पुन्हा झाडा, अजून एकेक चहा घ्या. आम्ही म्हणायचो, माणूस चिकट आहे.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मी, गौरी आणि बापू जेवणाची भांडी घासत होतो. मिरवणुकीला अजून महिना होता. गौरीने सहज विचारलं, "बापू, आज बहुतेक हात बसणार. मग पुढच्या शनिवारी काय करणार?"

बापू एकच ताट पुसत राहिले. मग म्हणाले, "ही मेलबर्नला गेली ना लेकीकडे, बाळंतपणाला. थोडे दिवस म्हणून गेली, आता नातवाने सोडली तर येईल. माझी इथली नोकरी सुटत नाही. सोमवार ते शुक्रवार घरात कोणी बोलत नाही हो. शनिवारी तुम्ही येता." ताट खाली ठेवून हसले. "तुम्ही फारच लवकर तयार झालात."

मी तोंड फिरवून कढई घासायला घेतली.

दुपारी शेवटची परीक्षा झाली. पहिला हात बसला. दुसरा, तिसरा, चौथाही. मी बापूंकडे पाहिलं. शिष्यांचा अभिमान आणि घराची धास्ती, दोन्ही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पाचव्या हाताच्या शेवटी सगळे ढोल एकदम थांबायला हवेत. थांबले. शेड शांत झाली.

आणि त्या शांततेत एक ढोल धाडकन वाजला. गौरीचा. जिचा हात त्या शिबिरात एकदाही चुकला नव्हता, त्या गौरीचा.

"सॉरी, बापू," ती म्हणाली, "जरा घसरला."

मी गौरीकडे पाहिलं आणि माझीही एक थाप घसरली. मग रियाची. मग मागच्या रांगेतून अशी काही बेताल बडवाबडवी झाली की बॅरी धावत आला.

ज्याला यंत्राच्या आत काय बिघडलंय ते बाहेरून कळायचं, त्याला हे कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. बापूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. घरी निघायचं म्हणून काही जणांनी स्लीपिंग बॅगा आधीच गुंडाळून दाराशी ठेवल्या होत्या. बापूंनी त्या उचलल्या आणि एकेक करून परत भिंतीशी नेऊन ठेवल्या.

"दर वेळी कशाला ने-आण करता?" ते म्हणाले. "इथेच राहू द्या."