डोमाजींची ऐंशी नंबरी चव

डोमाजी चवीला सुताचे नंबर देत. नागपुरातल्या आमच्या कोष्टीपुऱ्यात ते माझ्या भिंतीला भिंत लावून राहत, दिवसभर माग चालवत. भजी कशी होती विचारलं तर म्हणत, "खाल्ली गा मास्तर. चाळीस नंबरी." सूत जितकं तलम, तितका नंबर मोठा. ऐंशी नंबर मात्र त्यांनी विलायतेसाठीच राखून ठेवला होता.

कारण हा माणूस खरोखरच विलायतेला जाऊन आला होता! स्वातंत्र्यानंतर चार-पाच वर्षांनी, कुठल्याशा प्रदर्शनात हातमाग चालवून दाखवायला सरकारनं त्यांना बोटीनं नेलं. सोबत धोतर, टोपी आणि भिवापुरी तिखटाची डबी. लिहिता येत नव्हतं, म्हणून जे जे आवडलं त्याची एकेक रेघ ते मागावर एका अरुंद पट्टीत विणत गेले. पोर्ट सईदची रव्याची मिठाई पिवळी. नेपल्सचं आइस्क्रीम पांढरं, मध्ये एक लाल धागा. त्यावर यांनी तिखट भुरभुरलं तेव्हा हॉटेलवाला डोक्याला हात लावून बसला म्हणे. पॅरिसच्या बोळातलं कांद्याचं सूप तपकिरी. "वरच्या चीजची हातभर तार निघे गा मास्तर. जीभ येडी झाली!"

मी शाळेत भूगोल शिकवणारा. पृथ्वीचा गोल रोज बोटानं फिरवायचा, पण स्वतः फार तर कामठीपर्यंत गेलेलो. मी आ वासून ऐकत असे. खोटं कशाला सांगू, हेवाही वाटे.

एका रविवारी दुपारी भिंतीपलीकडून टोकियोच्या हॉटेलाचं वर्णन ऐकू आलं. माझ्यातला मास्तर खवळला. बोट मुंबईहून पश्चिमेला गेलेली, टोकियो पूर्वेला! नकाशांचं पुस्तक काखोटीला मारून मी त्यांची थाप पकडायला निघालो.

दारातच थबकलो. त्यांच्या बायकोच्या, सोनाबाईंच्या अंगावरून वर्षापूर्वी वारं गेलं होतं. नुसती पेज चालायची, आणि तीही त्या नको म्हणायच्या. डोमाजी एका हातानं चमचा भरत होते, दुसऱ्या हाताचं बोट पट्टीवरच्या नव्या, हिरव्या रेघेवर होतं. वीतभर असलेली ती पट्टी आता चार हात झाली होती.

"मंग पानात गुंडाळलेला भात आला. ऐक वं."

एक वाक्य, एक चमचा. वाटी रिकामी झाली.

मला पाहून ते ओशाळून ओट्यावर आले. "खरी हाटेलं दिवाळीतच सरली, मास्तर. रोज नवीन नाही सांगितलं तर बुढी तोंडच उघडत नाही." मग पुस्तकाकडं बोट करून हळूच म्हणाले, "याच्यात अजून गावं हायेत का?"

मी नुसती मान डोलावली. ते वाटी धुवायला विहिरीवर गेले, तेवढ्यात सोनाबाईंनी जड जिभेनं मला आत बोलावलं.

"टोकियोले नाही गेले थे. ठाऊक हाय मले. त्याईले सांगू नका जी," त्या म्हणाल्या. "उद्याचं गाव लांबचं काढून द्या."

डोमाजी परतले तोवर मी ओट्यावर दक्षिण अमेरिकेचं पान उघडून बसलो होतो.